जर्मनीतलं शिक्षण ‘पूर्ण फुकट’? थोडं थांबा

‘जर्मनीत शिक्षण पूर्ण फुकट, खिशात पैसे नसले तरी चालतं’ असा संदेश फिरतोय. त्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि हायडेलबर्ग, श्टुटगार्ट ही नावाजलेली विद्यापीठं नेमकी याच राज्यात आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं; पदव्युत्तरला सहसा सत्राला ४,००० ते ६,००० युरो. खासगी विद्यापीठांचं तर विचारूच नका.

आता ‘खिशात पैसे नसले तरी’कडे वळू. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याची सोय आधी दाखवावी लागते. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीतल्या कुणाची अधिकृत हमी नसेल, तर नेहमीचा मार्ग ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्याचा. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो लागतात. पैसे तुमचेच, दरमहा ९९२ युरो हाती येतात. पण निघण्याआधी सगळी रक्कम उभी करावी लागते. संदेशात नेमकं हेच गाळलंय.

तिथे जाऊन काम करू म्हणाल, तर परवानगी आहे: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

त्याच संदेशात नॉर्वेचंही नाव आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांनी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ च्या शरद सत्रापासूनच शुल्क सुरू केलंय.