मुंबईची पावती कोणाच्या नावावर?

दर एक-दोन महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. कधी खाली गेटवेचा फोटो असतो, कधी व्हीटीचा. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच:

"मुंबई म्हणजे सात ओसाड, दलदलीची बेटं. पोर्तुगिजांनी ती इंग्रज राजाला हुंड्यात फुकट दिली. हॉर्नबीने बांध घालून सातही बेटं जोडली. इंग्रजांनी रेल्वे आणली, गिरण्या काढल्या, गोद्या बांधल्या. १९४७ नंतर आपण फक्त घाण केली. नावसुद्धा त्यांनीच आणलेलं, 'बॉम बाहिया', म्हणजे चांगली खाडी. आभार माना."

इंग्रजांनी काहीच केलं नाही, असं मला म्हणायचं नाही. (तसाही मजकूर फिरतो, आणि तोही तितकाच बाष्कळ असतो.) माझी हरकत या मजकुराच्या व्याकरणाला आहे. सगळ्या क्रियापदांना कर्ता एकच, 'इंग्रजांनी'. पैसे कोणी घातले आणि घमेली कोणी वाहिली, एवढं विचारलं तरी कर्ता बदलायला लागतो.

"ओसाड बेटं"

ओसाड जागेसाठी सल्तनती लढत नाहीत. १४२९-३०च्या सुमारास बहमनी सैन्याने माहीम घेतलं आणि गुजरातच्या सुलतानाने फौज पाठवून ते परत मिळवलं. माहीम तेव्हा ठाणं होतं, बंदर होतं. तिथेच मखदूम अली माहिमी राहत होते. कुराणावर भाष्य लिहिणारा हा विद्वान १४३१ साली वारला. त्याचा दर्गा आजही माहीमला आहे. त्याआधीच्या बिंब राजाच्या आणि सोबत आलेल्या कुळांच्या हकिकती बखरीत आहेत. त्यातलं किती इतिहास आणि किती दंतकथा यावर वाद घाला खुशाल, पण बखर ओसाड दलदलीची लिहिली जात नाही.

पुढे १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुंबईचं बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या गोव्याच्या वैद्याकडे खंडाने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात तो या बेटावरच्या स्वतःच्या आंब्याचं कौतुक करतो, वर्षातून दोनदा फळतो म्हणून. खंड भरायला उत्पन्न लागतं. ते नारळाच्या वाड्यांतून, भातखाचरांतून आणि मासळीतून यायचं, म्हणजे भंडारी, कुणबी, कोळी यांच्या हातांतून.

सगळ्यात सज्जड पुरावा मात्र खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचा आहे. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअरने १६७२ साली इथल्या जमीनधारकांशी करार केला: जमिनी तुमच्याकडेच राहतील, तुम्ही कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन (तेव्हाचं पोर्तुगीज नाणं) द्यायचे. बेट ओसाड असतं तर हा करार त्याने माडांशी केला असता का?

"हुंड्यात फुकट"

इथे जरा थांबू या, कारण गोष्ट मजेशीर आहे. दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची कॅथरीन यांच्या विवाहाचा तह १६६१ सालचा. कागदावर मुंबईचं बंदर आणि बेट इंग्रजांचं झालं. १६६२ साली सर अब्राहम शिपमन फौज घेऊन ताबा घ्यायला आला, तर पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो ए कास्त्रोने चक्क नकार दिला. तुमच्या कागदपत्रांत खोट आहे म्हणाला. शिपमनची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसली. रोगराईने बहुतेक तिथेच मेली. १६६४ साली शिपमनही गेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने उरलेल्या मूठभर लोकांसह ताबा घेतला.

तो देताना व्हाइसरॉयने आपल्या राजाला लिहिलं की इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. या बंदरापुढे लिस्बनसुद्धा काही नाही, असंही त्याचं मत होतं. त्याला ठाऊक होतं काय हातचं जातंय ते. लंडनला नव्हतं. राजाला हे बेट सांभाळायचा खर्च डोईजड झाला आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. ज्यांना बेट मिळालं त्यांना ते नकोसं झालं होतं, आणि ज्यांचं गेलं ते हळहळत होते.

आता 'सातही बेटं दिली' याबद्दल. माहीमवर लगेच भांडण झालं, कारण पोर्तुगीज म्हणत होते की ते तहात नाहीच. कुलाबा इंग्रजांना मिळायला १६७५ उजाडलं. आणि साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा, आजच्या मुंबईतला मोठा भाग, हुंड्यात कधी नव्हताच. तो पोर्तुगिजांकडे राहिला, मग १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून हिसकावला. सालबाईच्या तहात, १७८२ साली, त्यावर शिक्का बसला. आज लोकलने दादरच्या पुढे जाणाऱ्या कोणीही कॅथरीनच्या हुंड्याचा गोडवा गाऊ नये.

"हॉर्नबीने सातही बेटं जोडली"

हॉर्नबी वेलार्डने, म्हणजे गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने, बुजवलं ते मुंबई आणि वरळी यांच्यामधलं भगदाड. भरतीचं पाणी तिथून आत शिरून पार मधल्या सखल भागात पसरायचं. काम महत्त्वाचं होतं, वाद नाही. गव्हर्नरने कंपनीचा नकार खिशात ठेवून बांध पुरा केला, ही गोष्ट इतकी छान आहे की ती तपासायची कोणालाच इच्छा होत नाही. पण त्या एका बांधाने शहर जोडलं गेलं नाही. मधली खार जमीन नंतर कित्येक दशकं भरत राहावी लागली, त्यात शहराचा कचराही गेला. ही भरावाची आणि बांधकामाची कामं करणारे तेलंगी कामाठी; त्यांच्यावरून कामाठीपुरा. शीवचा बांध पुढे गव्हर्नर डंकनच्या कारकिर्दीत झाला, कुलाब्याचा १८३८ साली.

आणि माहीम-वांद्रे? तिथे खाडी ओलांडताना होड्या बुडायच्या, माणसं मरायची. सरकार पैसे काढेना. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि अट घातली की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता झाला. त्याला माहीमकडून जाऊन मिळणाऱ्या रस्त्याला आजही आपण लेडी जमशेटजी रोडच म्हणतो, फक्त बाई कोण होत्या ते विसरून.

'समुद्र हटवून जमीन काढली' या कथेत एक गंमत राहून जाते. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना चिखलाखाली अख्खं जंगल सापडलं. शेकडो झाडं, बहुतेक खैराची, त्यातली कित्येक मुळांवर उभीच. म्हणजे इथली जमीनच कधीकाळी खचून पाण्याखाली गेली होती. आपण भराव घालून नवी जमीन 'निर्माण' केली म्हणतो, त्यातल्या काही जागी खैराचं रान होतं.

"रेल्वे आणली"

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. ही तारीख सगळ्यांना पाठ. त्याआधी १८४५ साली इथे रेल्वे यावी म्हणून समिती स्थापून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी होते, हे तितकं पाठ नसतं. भांडवल इंग्लंडमधल्या भागधारकांचं, हे खरं. पण त्यांच्या पैशावर ५ टक्के व्याजाची हमी होती, आणि गाडीला नफा न झाल्यास ते व्याज हिंदुस्थानच्या महसुलातून भरलं जायचं. जोखीम आपली, लाभांश त्यांचा. असा धंदा मलाही कोणी काढून द्यावा.

शिवाय ठाण्यापर्यंतच्या रुळांनी मुंबई मोठी झाली नाही. दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा तर बोरघाट चढायला हवा होता. ते काम १८५६ ते १८६३ चाललं. एका वेळी ४०,०००वर मजूर घाटात होते. पटकी आणि तापाने किती मेले त्याची नीट मोजदादही नाही, आकडा हजारांत आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुरं केलं. तिचं नाव निदान राहिलं. दगड फोडणाऱ्यांपैकी एकाचंही राहिलं नाही.

"गिरण्या काढल्या"

हे वाक्य वाचलं की मात्र माझा तोल जातो. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली, ताडदेवला. कंपनी १८५४ची, सूत निघालं १८५६ला. पैसा इथल्या व्यापाऱ्यांचा. पुढे पारशी, भाटिया, बगदादी यहुदी, गुजराती शेठ त्यात उतरले. यंत्रं लँकेशायरहून यायची, काही तंत्रज्ञही तिकडचे, ते कबूल.

आणि सरकारने काय केलं? मँचेस्टरच्या ओरड्यावरून १८८२ साली विलायती कापडावरची आयात जकात काढून टाकली. तिजोरीच्या अडचणीमुळे १८९० नंतर जकात पुन्हा लावावी लागली, तेव्हा विलायती माल आणि देशी माल 'समान' असावा म्हणून १८९६ साली इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली. तो कर जायला १९२५चा डिसेंबर उजाडला. म्हणजे ज्या धंद्याचं श्रेय हा मजकूर इंग्रजांना देतो, त्यावर त्यांच्या सरकारने जवळजवळ तीस वर्षं दंड वसूल केला.

हे सगळं करताना आपल्या शेठजींना हार घालायचीही मला घाई नाही. गिरण्यांत गुंतलेल्या भांडवलाच्या मागे कापूस होता, तशी माळव्याची अफूही होती. जमशेटजींच्या दानशूरपणामागेही चीनचा अफूचा व्यापार होता. कंपनीने आधी बंगालच्या मक्त्यासाठी माळव्याची अफू अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही तेव्हा परवाने देऊन त्यावर पैसे घेतले. १८६१च्या अमेरिकेतल्या यादवीने कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरांचा जुगार माजला, १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. १८६४च्या मोजणीत शहरात ८,१६,५६२ माणसं होती, १८७२ साली ६,४४,४०५.

आणि गिरणीत राबणारा रत्नागिरी-साताऱ्याकडचा. त्याला रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं, तीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा आणि अर्ज करून मालकांच्या मागे लकडा लावला तेव्हा.

"गोद्या बांधल्या"

थोडक्यात: जहाजं बांधणाऱ्या वाडियांपासून सुरुवात करा. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ साली आले आणि १७५० साली इथे सुकी गोदी झाली. त्यांच्या घराण्याने मलबारी सागात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे १८१७चं जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं. ज्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला, तेही मुंबईचंच. ससून डॉक १८७५चा, खासगी पैशाचा. पोर्ट ट्रस्ट १८७३ला आला, त्यानंतर प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि १९१४ची अलेक्झांड्रा या गोद्या झाल्या. त्या सरकारी यंत्रणेच्या, आणि उत्तम बांधलेल्या. हे श्रेय द्यायचं तर पूर्ण द्या. तसंच १८६०चं विहार तलावाचं पाणीही.

"१९४७ नंतर फक्त घाण"

घाण तशी जुनीच. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला तो गोदामांच्या आणि कोंदट चाळींच्या वस्तीत. १८९१ साली ८,२१,७६४ असलेलं शहर १९०१ला ७,७६,००६वर आलं. प्लेगनंतर १८९८ साली सुधारणा ट्रस्ट निघाला, पाडापाडी झाली. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथल्या बीडीडी चाळी तर १९२०च्या दशकातल्या, खुद्द गोऱ्या सरकारच्या. २०७ इमारती, एकेका कुटुंबाला एकेक खोली. गिरणी कामगाराची दहा बाय बाराची खोली हा स्वातंत्र्यानंतरचा शोध नाही.

१९५१ साली बृहन्मुंबईत तीस लाखांच्या आत माणसं होती, २०११ साली १,२४,४२,३७३. एवढ्यांना शहराने पोटात घेतलं ते नीट घेतलं असं कोण म्हणेल? गिरण्यांच्या जमिनींचं जे झालं ते आपल्याच राज्यात झालं. पण 'काहीच केलं नाही' म्हणताना न्हावा-शेवा विसरू नये. १९८९ला सुरू झालेल्या त्या बंदराने कंटेनरचा धंदा खाडीपलीकडे नेला.

"नावसुद्धा त्यांनीच आणलेलं"

पोर्तुगीज भाषेत खाडीसाठीचा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'चांगली खाडी' म्हणायची तर 'बोआ' हवं, 'बॉम' नव्हे. आपल्याच भाषेतलं लिंग चुकवून त्यांनी शहराचं नाव ठेवलं, असं मानावं लागेल. सोळाव्या शतकातल्या त्यांच्या कागदांत मोंबाइम, बोंबाइम अशी रूपं येतात. कोणीतरी 'मुंबई' म्हणत होतं आणि ते कानाला येईल तसं लिहून घेत होते. इंग्रजी अमलातही इथल्या माणसाच्या तोंडचं नाव बदललं नाही. १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी गुजराती वर्तमानपत्र काढलं, तेव्हा त्याच्या नावात 'बॉम्बे' नव्हतं. 'मुंबई समाचार' अजून निघतो.