भातावरून शिताची परीक्षा

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला: आधी नातेवाइकांकडून, मग शाळेतल्या मैत्रिणींकडून आणि शेवटी सोसायटीच्या सचिवांकडून. 'शितावरून भाताची परीक्षा' असे त्याचे शीर्षक असून, अनोळखी माणसाकडे पाच मिनिटे लक्षपूर्वक पाहिले तर त्याचे मूळ, शिक्षण, व्यवसाय, स्वभाव आणि राजकीय मत नव्वद टक्के अचूक सांगता येते, असा त्याचा दावा आहे. आडनाव, उच्चार, चहा पिण्याची पद्धत, अक्षर आणि हातातले वर्तमानपत्र या त्यातल्या खुणा. शेवटी 'स्वतःवर पडताळून पाहा' म्हणून एक स्वभाववर्णन दिले आहे आणि 'ही केवळ गंमत आहे' अशी पुस्तीही जोडली आहे.

समोरच्या बाकावरचा प्रवासी कोण असेल याचा तर्क लढवणे हा माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा लहानपणापासूनचा खेळ आहे, त्यामुळे मला या गंमतीचे वावडे नाही. माझा आक्षेप नव्वद टक्क्यांना आहे, आणि त्याआधी शीर्षकाला. शीत चाचपून भात शिजला की नाही हे कळते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर असतात. हा मजकूर नेमके उलटे करतो. तो एका जमातीविषयी, प्रांताविषयी किंवा पेशाविषयी ऐकीव समज घेतो आणि समोरच्या एका माणसावर बसवतो. ही भातावरून शिताची परीक्षा झाली.

पहिला मुद्दा आडनावाचा. मजकूर म्हणतो, शेवटी 'कर' असेल तर माणूस कोकणातला आणि पाटील, देशमुख असतील तर मराठा. 'कर' हा प्रत्यय कोणत्याही गावाला लागतो. सोलापूरकर आणि पंढरपूरकर यांचा कोकणाशी काय संबंध? शिवाय गावाचे नाव माणसाला बहुधा ते गाव सुटल्यावरच चिकटते, कारण गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच त्या नावाने हाक मारून उपयोग नसतो. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले, पण त्यांच्या मुलांची कारकीर्द घडली ती मुंबईत. डॉ. आंबेडकरांच्या आडनावामागे मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे पूर्वजांचे गाव आहे, पण त्यांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण साताऱ्यात झाले. म्हणजे येथे 'कोकणातला' हा तर्क चुकला असे म्हणता येत नाही, पण त्यातून माणसाविषयी हाती काहीच लागत नाही. रोहेकर आणि पेणकर ही आडनावे ऐकून तर हा मजकूर लिहिणारा ठामपणे एखादी हिंदू जात सांगेल. प्रत्यक्षात ती बेने इस्रायली ज्यूंचीही आडनावे आहेत. हे लोक घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून रायगडाच्या किनाऱ्यावर त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आज त्यांच्यातले पुष्कळ जण इस्रायलमध्ये राहतात.

पाटील आणि देशमुख ही तर मुळात वतनांची नावे आहेत, जातींची नव्हेत, आणि वतने अनेक जातींकडे होती. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख चित्पावन ब्राह्मण होते आणि त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिधये होते. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू होते, आणि विलासराव देशमुख मराठा. एकाच आडनावाच्या तीन नामवंतांत तीन जाती निघाल्या. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, हे तर शाळकरी मुलांनाही माहीत असते. कुलकर्णी, देशपांडे यांच्या बाबतीत मजकुरातला तर्क बहुतेक वेळा बरोबर निघेल, हे मी मान्य करते. पण शिवाजीराव गायकवाड या नावाचा, बंगळुरूत जन्मलेला आणि तिथेच बस कंडक्टर असलेला तरुण पुढे रजनीकांत होईल, हे नावावरून कोणाला ओळखता आले असते?

दुसरा मुद्दा उच्चाराचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा कमी शिकलेला, असे मजकूर बिनदिक्कत सांगतो. वऱ्हाडीत 'ण'च्या जागी 'न' येणे आणि पुष्कळ ठिकाणी 'ळ'चा 'य' होऊन डोळ्याचा 'डोया' होणे ही त्या बोलीची रीत आहे. अकोल्याकडचा प्राध्यापक वर्गात 'पाणी' म्हणतो आणि घरी आईजवळ 'पानी' मागतो. त्याच न्यायाने कोल्हापूरकडच्या बाईने 'मी आलो' म्हटले की तिला व्याकरण येत नाही असे ठरवायचे का? उच्चारात माणसाच्या समाजाची खूण असते, हे मात्र खरे. विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना वस्तू कुठे मिळेल असे विचारून 'चौथा मजला' हे शब्द त्यांच्याकडून वदवून घेतले, आणि दुकान जितके उंची, तितका शब्दातला 'र' अधिक स्पष्ट निघतो असे दाखवले. पण 'काय म्हणालात?' असे त्याने पुन्हा विचारले की काही विक्रेते तोच 'र' आधीपेक्षा नीट उच्चारत. म्हणजे खूण गटाची असते, आणि ऐकणारा पाहून माणूस ती बदलतोही.

बशीत ओतून चहा पिणारा 'साधा, जुन्या वळणाचा, बहुधा शेतकरी', हे वाचून मला सांगोल्याचे एसटी स्टँड आठवले. मिरजेहून पंढरपूरला जाणारी आमची गाडी तिथे दहा मिनिटे थांबली होती. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ कपातला चहा बशीत ओतून, फुंकर घालून, तीन घोटांत संपवत होते. आमचा खेळ सुरू झाला. बहिणीने त्यांची बोटे पाहिली: पेरांवर घट्टे पडलेले आणि नखांच्या कडांत तपकिरी रंग मुरलेला. तिने 'सुतार' असे सांगितले, मी 'ऊसवाला शेतकरी' यावर अडून राहिले. शेवटी आमच्या नियमाप्रमाणे त्यांनाच विचारले. ते मिरजेत तंबोरे करीत होते, नखांतला रंग पॉलिशचा होता आणि तंबोऱ्यासाठी भोपळे पाहायला ते पंढरपूरकडे निघाले होते. बशीचे कारण विचारल्यावर ते म्हणाले, 'गाडी सुटेल की हो.' चहा पसरला की लवकर निवतो, इतकेच त्या बशीचे रहस्य होते.

एडिनबरोचे शल्यवैद्य जोसेफ बेल यांचा दाखला मजकुरात मोठ्या अभिमानाने दिला आहे. आर्थर कॉनन डॉईल त्यांचे विद्यार्थी होते आणि शेरलॉक होम्स हे पात्र त्यांनी बेल यांच्यावरून बेतले. एक रुग्ण आत येताच बेल यांनी तो स्कॉटिश पलटणीतून नुकताच सुटलेला आणि बार्बाडोसला राहिलेला असल्याचे ओळखले, कारण त्याने सैन्यातल्या सवयीने टोपी काढली नव्हती आणि त्याला झालेला हत्तीपाय हा रोग ब्रिटनमधला नसून वेस्ट इंडीजमधला होता. किस्सा चांगला आहे. पण बेल यांच्यापाशी हजारो रुग्ण तपासल्याचा अनुभव होता, आणि प्रत्येक तर्क ते रुग्णालाच विचारून पडताळत होते. पडताळणीची ही पायरी मजकुराने सोयीस्करपणे वगळली आहे.

अक्षरावरून स्वभाव सांगण्याच्या मुद्द्याला मी थांबत नाही. माझे अक्षर बँकेच्या अर्जावर एक असते आणि किराण्याच्या यादीत दुसरेच. वर्तमानपत्रावरून मत ओळखायचे, तर रेल्वेच्या डब्यात एकच अंक सहा हातांतून फिरतो, हे लक्षात ठेवावे.

राहिले ते स्वभाववर्णन. 'तुम्ही वरून शिस्तीचे दिसता, पण आतून काळजी करता' असे त्यात आहे, आणि वाचणारा प्रत्येक जण 'अगदी मीच' असे कळवतो. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला 'तुमचे' म्हणून वर्णन दिले आणि ते किती जुळते यासाठी पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिले होते आणि त्यातली वाक्ये बहुतांशी ज्योतिषाच्या एका सामान्य पुस्तकातून उचललेली होती. तेव्हा 'नव्वद टक्के लोकांना पटते' हा मजकुराच्या अचूकपणाचा पुरावा ठरत नाही. वर्णन किती सैल आहे, एवढेच त्यातून कळते.

'केवळ गंमत, यात कोणाचे काय बिघडते?' हा शेवटचा बचाव. बिघडते की नाही, हे भाड्याने घर शोधताना 'पूर्ण नाव सांगा' हा प्रश्न दोनदा ऐकलेल्या माणसाला विचारावे. जन्मावरून माणसाच्या सवयी ठरवण्याची हीच पद्धत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात होती. तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, आणि त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. बसमधला खेळ आणि हा कायदा एकाच मापाचे आहेत असे मी म्हणत नाही. खेळात चूक निघाली तर दंड तर्क करणाऱ्याला बसतो, आणि या मजकुरात चूक निघण्याची सोयच ठेवलेली नाही.

सांगोल्याला तो दंड मी भरला, तीन चहांचा. गाडीत चढताना त्या गृहस्थांनीही आपला तर्क सांगितला: आम्ही दोघी शिक्षिका आणि निघालो विठोबाच्या दर्शनाला. बहीण बँकेत आहे, मी मुद्रितशोधनाचे काम करते, आणि आम्ही चाललो होतो मामेभावाच्या साखरपुड्याला. चहाचे पैसे मात्र त्यांनी परत दिले नाहीत.