स्नो टायर का दिले नाहीत: आमच्या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. मनालीला निघण्याआधी तुम्ही नाना पेठेतल्या आमच्या दुकानात स्नो टायर विचारायला आलात आणि आम्ही टायरवर गुंडाळायची लोखंडी चेन भाड्याने दिली. अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला पोचेपर्यंत ती सैल झाली, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर आपटत राहिली आणि एक कडी तुटली. ‘टायर ठेवायची ऐपत नाही म्हणून चेन गळ्यात मारतात’ असं तुम्ही लिहिलंय. घरची माणसं गाडीत असताना चाकाखालून असा आवाज यायला लागला की जीव टांगणीला लागतो. तुमचा राग मी समजू शकतो. पण टायर ‘नाहीत’ म्हणून चेन दिली, हे खरं नाही.

पुणे ते मनाली जवळपास दोन हजार किलोमीटर. त्यातला बर्फाचा रस्ता सोलंगच्या पुढचा आणि अटल बोगद्यापलीकडचा, तोही बर्फ पडला असेल तरच. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं. स्नो टायरचं मऊ राहतं, म्हणून थंडीत पकड धरतं. हेच मऊ रबर आपल्याकडच्या कोरड्या, गरम रस्त्यावर भराभर झिजतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. शिवाय ते चारही चाकांना घालावे लागतात. नुसते पुढे दोन घातले तर उतारावर गाडीची मागची बाजू फिरते. मनालीतच राहणाऱ्या माणसाने हिवाळाभरासाठी घेतले तर पैसे वसूल होतात. आठवड्याच्या सहलीसाठी मी ते कुणालाच सुचवत नाही, मागितले तरी.

आणि रात्रभर गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर नुसतं रबर, कितीही मऊ असलं तरी, कमीच पडतं. तिथे लोखंड रुततं. बर्फ पडल्यावर सोलंगच्या बाजूला पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) किंवा चेन लावलेलीच गाडी पुढे सोडतात, ते याचसाठी. परदेशात अंगणातला बर्फ उडवणाऱ्या स्नोब्लोअरलाही हाच हिशेब लागतो: उतार किंवा गोठलेली जमीन असेल तर चाकांना चेन, आणि फरशीचं साफ अंगण असेल तर रबरच, कारण चेन फरशी ओरखडते.

आता तुमच्या चेनबद्दल. ती आत्ता माझ्यासमोर काउंटरवर आहे. आडव्या कड्यांची जमिनीला टेकणारी बाजू घासून सपाट झाली आहे आणि चकाकते आहे. तुटलेली कडीही अशीच घासून बारीक झालेल्या जागी तुटली आहे. बर्फावर चालून चेन अशी होत नाही, साफ रस्त्यावर चालून होते. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि आत बर्फ नसतो. सोलंगला लावलेली चेन तशीच ठेवून बोगदा पार करायचा, पलीकडे उतरायचं, पुन्हा तसंच परत यायचं, हे खूप जण करतात. थंडीत हात बधिर झालेले असतात, खाली वाकून चेन काढायचा कंटाळा येतो, हे मला कळतं. पण चेन तिथेच मरते. रस्ता साफ दिसला की बोगद्याच्या आधीच कडेला सुरक्षित जागा बघून ती काढायची, पलीकडे बर्फ लागला तर पुन्हा लावायची.

सैल होण्याचं कारण मात्र वेगळं आहे. चेन लावल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये ती चाकावर बसते आणि ढिली पडते, मग उतरून पुन्हा ताण द्यावाच लागतो. तुमच्याच गाडीच्या पुढच्या चाकावर आम्ही हे करून दाखवलं होतं, आणि पावतीच्या मागे ते छापलेलंही आहे.

सोबतच्या मित्राच्या फोर बाय फोरला काहीच लागलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. चार चाकांना ताकद मिळाली की गाडी चढते, पण थांबताना त्याचा काही उपयोग नसतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. उतारावर गोठलेला बर्फ लागला तर त्यांनीही चेन जवळ ठेवावी, हे त्यांना नक्की सांगा.

तुटलेल्या कडीचे पैसे आम्ही कापलेले नाहीत, डिपॉझिट पूर्ण परत केलं आहे. भाडं परत देणार नाही, कारण चेन दिली ती तुमच्या टायरच्या मापाची आणि चांगल्या अवस्थेतली होती. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक फाटलं असेल तर गाडी दुकानात आणा, क्लिपा नव्या टाकून ते बसवून देतो, त्याची मजुरी घेणार नाही. तेव्हाच टायरच्या नक्षीची खोलीही मोजू. कायद्याला १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फात जायचं तर ४ च्या खाली असलेल्या टायरवर मी चेनसुद्धा देत नाही. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या.