सात सिलिंडर आणि एरंडेल

विमानाचं इंजिन घरी करायचंच, तर साधं कोण करतो? रोटरी करायचं. यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, विमानाच्या सांगाड्याला जखडलेला असतो आणि सातही सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरतात. फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी १९०८ साली असं ५० अश्वशक्तीचं इंजिन काढलं. आमच्या जळगावात त्याकडे बघून एकच प्रश्न येतो, "हाई काय शे भो, पानीनी मोटर का?"

सातच का? प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एक सोडून एक घेतला की १-३-५-७-२-४-६ असा क्रम बसतो. सहा ठेवले तर १-३-५ नंतर पुन्हा १, आणि २-४-६ पंगतीत पान न मिळालेल्या व्याह्यांसारखे बसून राहतात.

खरी कसोटी वजनाची. केंद्रापासून २५ सेंटिमीटरवरचा १ ग्रॅम मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगाला ४०० ग्रॅमच्या जोरानं ओढतो. एका सिलिंडरवर १० ग्रॅम धातू जास्त राहिला, की ४ किलोचा हिसका, सेकंदाला २० वेळा. लेथवाला ज्याला "चालून जाईल" म्हणतो, ते हेच १० ग्रॅम! म्हणून सातही सिलिंडर नट-प्लगसकट सराफी काट्यावर तोलायचे, सगळ्यात हलका बाजूला ठेवायचा आणि बाकीच्यांच्या फिन्सच्या, म्हणजे थंडाव्यासाठीच्या बाहेरच्या पात्यांच्या, कडा कानशीनं घासून त्याच्या बरोबरीला आणायचे. तोळ्यामाशाचा हिशेब जळगावला शिकवावा लागत नाही, एवढीच सोय.

मग तेल. पेट्रोलची वाफ पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्येच, म्हणजे त्याच्याभोवतीच्या पेटीतच, येते. साधं ऑइल तिच्यात विरघळतं, बेअरिंग कोरडं पडून जाम होतं. एरंडेल पेट्रोलशी फटकून राहतं, म्हणून तेच घालायचं. पण हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि एरंडेलाची इथेनॉलशी गट्टी! उपाय : उघड्यावर, विडीवाल्यांना लांब पिटाळून, पेट्रोल पाण्यासोबत हलवायचं. इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, वरचं पेट्रोल काढून घ्यायचं. ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न भडकण्याचा गुण, उतरतं, पण जुन्या इंजिनाच्या बेताच्या कॉम्प्रेशनला ते पुरतं.

वेग कमी करायला ठिणगी तोडणारं बटण. ते फार वेळ दाबू नये. न जळलेलं पेट्रोल साचतं आणि सोडल्यावर भडकतं.

वापरलेलं एरंडेल परत टाकीत येत नाही, धुराबरोबर चौफेर उडतं. तेव्हा चाचणीची घोडी अंगणात ठोकण्याआधी शेजारणीच्या बिबड्या कुठे वाळताहेत ते बघा. तेल उडालेल्या बिबड्या तळल्यावर ओळखू येत नाहीत. ओळख दुसऱ्या दिवशी सकाळी पटते.