रविवारच्या खडू वर्कशॉपबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. तुम्ही लिहिलंय की 450 रुपये घेऊन ओले खडू हातात दिले, घरी पोचेपर्यंत तीनपैकी दोन मोडले, पार्किंगच्या फरशीवरचा गुलाबी डाग निघत नाहीये आणि मी तुमच्या लेकीवर सगळ्यांसमोर ओरडले. चारही गोष्टी खऱ्या आहेत.

खडू मोडले ती चूक माझीच. खडूसाठी वापरतो ते पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात कालवलं की पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं पण घट्ट झालं म्हणजे सुकलं असं नसतं, जास्तीचं पाणी आत तसंच राहतं आणि ते उडून जायला उन्हाळ्यात एक-दोन दिवस तर आत्ता पावसात तीन-चार दिवस सहज लागतात. मला हे माहीत होतं, तरी मुलांना रिकाम्या हाताने घरी पाठवणं जिवावर आलं म्हणून टिश्यू रोलच्या नळ्या फाडून खडू काढून दिले, आणि घरी नेऊन पंख्याखाली ठेवा, दोन-तीन दिवस हात लावू नका एवढंसुद्धा सांगितलं नाही. शिवाय आम्ही दोन वाट्या पावडरला एक वाटी पाणी घेतो, तुमच्या लेकीला गडद गुलाबी हवा होता म्हणून तिने वरून तीन चमचे पातळ रंग घातला, तेव्हा पाणी कमी करायला हवं होतं ते मी केलं नाही, त्यामुळे तो खडू भुसभुशीतच झाला.

डागाचं सांगते. गुलाबी पोस्टर कलर संपला होता आणि मी घाईत ॲक्रिलिकची बाटली उघडली. पोस्टर कलर पाण्याने जातो, ॲक्रिलिक एकदा सुकला की प्लास्टिकसारखा चिकटून बसतो. आमच्या दारासमोर तसाच डाग पाडून कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि नायलॉनच्या ब्रशने दोनदा घासून बघितलं, फिका झाला पण पूर्ण गेला नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येऊन मी स्वतः घासून देते, सोसायटीवाले काही बोलले असतील तर त्यांच्याशीही बोलते.

आता ओरडल्याचं. तेव्हा तुम्ही बाहेर फोनवर होतात म्हणून नीट सांगते. बादलीत उरलेलं मिश्रण घट्ट व्हायला लागलं होतं आणि तुमची लेक उकिडवी बसून दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात दाबून धरत होती, पंजाचा ठसा हवा होता तिला, बाजूची दोन मुलं पण मी पण मी पण करत बाह्या सारत होती. पीओपी घट्ट होताना तापतं, खडूएवढ्या नळीत ते जेमतेम कोमट लागतं पण बादलीभर एकत्र असलं की चटका बसेल इतकं तापतं आणि हात आत अडकला तर ओढून निघत नाही. इंग्लंडमध्ये 2007 साली एका 16 वर्षांच्या मुलीने शाळेत चित्रकलेच्या तासाला असेच हात घातले होते, तिची बहुतेक बोटं गेली. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून माझा आवाज चढला, मी तिचे हात धरून बाहेर ओढले आणि लगेच नळाखाली धरले. ती रडवेली झाली याचं मला फार वाईट वाटतं, तिची माफी मागायचीय, पण हात मी पुन्हा तसेच ओढीन. ती बादली मुलांच्या हाताला लागेल अशी खाली ठेवायलाच नको होती, हे मात्र माझ्याकडून चुकलं.

यापुढे खडू चार दिवसांनी न्यायला बोलावणार, ॲक्रिलिक टेबलावर ठेवणार नाही आणि पाच वर्षांखालच्यांना कॉर्नफ्लॉवरचेच खडू करायला देणार, ते ठिसूळ होतात पण त्यात तापण्याची भीती नसते. तुमचे 450 रुपये आजच परत पाठवतेय.

आणि लेकीच्या दोन नळ्या इथेच राहिल्यात, हिरव्या, साध्या पोस्टर कलरच्या. खिडकीत ठेवल्या होत्या, आता खणखणीत सुकल्यात. पार्किंगमध्ये ठिकरीची घरं काढायचीत असं ती मला सांगत होती, तेवढ्याला या दोन पुरतील. एका नळीवर तिने पेनाने फूल काढलंय, ती बरोबर ओळखेल.