स्नायपर मीटरात मोजता येतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया सविस्तर आणि अभ्यासू आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबवतो. ६०० मीटरच्या आत गोळी झाडणारा सैनिक फार तर तुकडीतला चांगला नेमबाज, त्याला स्नायपर (दबा धरून एकेक लक्ष्य टिपणारा सैनिक) म्हणू नये, असा आपला मुख्य आक्षेप आहे. त्यामुळेच माझ्या लेखात फिनलंडचा नेमबाज सिमो हायहा आणि द्रागुनोव्ह ही सोव्हिएत बनावटीची रायफल वापरणारे भारतीय जवान यांना स्नायपरांच्या रांगेत बसवलेले आपल्याला खटकले. पल्ल्याचे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु व्याख्येची रेघ मीटरात आखता येते हे मला पटत नाही.

आधी ६०० हा आकडा कुठून येतो ते पाहू. पायदळातील सामान्य सैनिकाच्या ५.५६ मिमी रायफलीचा परिणामकारक पल्ला साधारण ४०० ते ५०० मीटर असतो, आणि त्याच्या बाहेर राहून नेम धरणाऱ्याला शत्रूच्या रायफली सहसा उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणजे हा आकडा स्नायपरविषयी फारसे सांगत नाही, समोरच्याच्या हत्याराविषयी सांगतो. ते हत्यार बदलले की आकडाही सरकेल. वरच्या टोकालाही तेच. ७.६२ मिमी नाटो काडतुसाची गोळी ८००-९०० मीटरनंतर ध्वनीच्या वेगाजवळ उतरते आणि तिची अचूकता ढासळू लागते, म्हणून त्या काडतुसाच्या रायफलींसाठी बराच काळ ८०० मीटर ही व्यवहारातली मर्यादा मानली गेली. एवढे अंतर कापायला गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात सहज चालणारा माणूस दोन मीटर पुढे गेलेला असतो. वाऱ्याचा अंदाज, सोबत लक्ष्य न्याहाळणारा निरीक्षक, जड काडतूस यांची गरज अंतराबरोबर वाढते, हे आपले म्हणणे इथवर अगदी बरोबर आहे.

पण मूळ काम निराळे आहे: तुकडीपासून अलग होऊन लपून बसणे, तासन्‌तास टेहळणी करणे आणि कोणाला टिपायचे हे स्वतः पारखून ठरवणे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९१६ मध्ये फ्रान्समध्ये ब्रिटिश फर्स्ट आर्मीसाठी जी शाळा उभारली, तिच्या नावातच स्नायपिंगच्या जोडीला निरीक्षण आणि स्काउटिंग होते. समोरासमोरचे खंदक अनेक ठिकाणी दोन-तीनशे मीटरांवर, काही ठिकाणी त्याहूनही जवळ होते. आपला निकष लावला तर त्या आघाडीवरचे बहुतेक स्नायपर बाद होतील. १९३९-४० च्या फिनलंड-सोव्हिएत हिवाळी युद्धात कोल्लाच्या आघाडीवर हायहा दुर्बिणीविना, रायफलीच्या नळीवरच्या साध्या माशीने (नेम धरायच्या खुंटीने) नेम धरत असे. दुर्बिणीसाठी डोके थोडे अधिक वर काढावे लागते, ते त्याला नको होते. पल्ल्यापेक्षा लपणे महत्त्वाचे मानणारा हा निर्णय मला फार बोलका वाटतो. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या पडक्या इमारतींतून जवळूनच नेम साधणाऱ्या स्नायपरांविषयी वेगळे लिहायला नको.

उलट बाजूही तपासा. पहिल्या महायुद्धात व्हिकर्स मशीनगनी दोन हजार यार्डांवर मारा करत, पण त्या चालवणाऱ्यांना कोणी स्नायपर म्हटले नाही. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी स्नायपर कार्लोस हॅथकॉक यांनी सुमारे २,२८६ मीटरवर नेम साधला तो ब्राउनिंग मशीनगनवर दुर्बीण बसवून. हत्यार मशीनगनचे असूनही ते स्नायपिंग ठरले, कारण एकेक लक्ष्य निवडून एकेक गोळी झाडली जात होती.

आता द्रागुनोव्ह. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्याने ती स्वीकारली तेव्हा ती प्लाटूनबरोबर चालणाऱ्या सैनिकाच्या हाती दिली. उरलेल्यांचा पल्ला तोकडा पडेल तिथे मारा करणे हे त्याचे काम. त्याला ‘तुकडीतला नेमबाज’ म्हणायला माझी हरकत नाही. तीच रायफल नियंत्रण रेषेवर जोडीने दबा धरून बसलेल्या भारतीय जवानांच्या हाती असते, तेव्हा पल्ला तोच राहूनही काम बदलते. हां, तिथे ती अपुरी पडू लागली हे खरे, आणि म्हणूनच २०१९ च्या सुमारास भारतीय सैन्याच्या नॉर्दर्न कमांडला .३३८ लापुआ मॅग्नम या काडतुसाची बेरेटा आणि .५० कॅलिबरची बॅरेट या रायफली मिळाल्या. मात्र त्याआधी द्रागुनोव्ह घेऊन तिथे बसणारे जवान स्नायपर नव्हते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यांना अधिक लांबचे लक्ष्य टिपता यावे, एवढाच त्या खरेदीचा अर्थ निघतो.