चांगली गाडी मोडीत कशी काढावी

तुमच्या कारखान्यात चुकून एखादी चांगली वस्तू तयार झाली, तर घाबरून जाऊ नका. मोठमोठ्यांच्या घरी असं होतं. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स या मोटार कंपनीचंच बघा. 1996 मध्ये त्यांच्या हातून ईव्ही-वन नावाची विजेची मोटार होऊन बसली. धूर नाही, ऑइल बदलायची कटकट नाही, पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको. असल्या कार्टीचं काय करायचं असतं, ते क्रिस पेन यांच्या 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' या 2006 च्या माहितीपटात आहे. लोक तो रहस्यपटासारखा बघतात. तुम्ही वही घेऊन बसा.

पहिलं म्हणजे गाडी विकायचीच नाही. लीजवर द्या, आणि मुदत संपल्यावर विकत घ्यायची सोय करारात ठेवू नका. भाडेकरूला घराचा कितीही लळा लागो, सातबारा आपल्याच नावावर हवा. बनवायच्याही जेमतेम 1,117. मग 'मागणीच नाही हो!' म्हणायला तोंड मोकळं. दुकानाला कुलूप लावून गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडण्यात जे सुख आहे, ते गल्ल्यावर बसण्यात नाही.

सरकार आडवं येईल. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाने, म्हणजे प्रदूषण आवरणाऱ्या सरकारी खात्याने, 1990 मध्येच फर्मान काढलं होतं: 1998 पासून मोठ्या कंपन्यांच्या 2 टक्के गाड्या बिनधुराच्या हव्यात, 2003 पर्यंत 10 टक्के. अशा वेळी वकील लावा. जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर कोर्टात गेल्या, वॉशिंग्टनमधल्या बुश सरकारने त्यांची बाजू उचलून धरली, आणि 2003 मध्ये मंडळाने नियम ढिला केला. मधल्या काळात लोकांना हायड्रोजनच्या गाडीचं स्वप्न दाखवत राहा. ती कायम दहा-पंधरा वर्षांवर असते. तोवर पेट्रोल भरता येतं. त्याच 2003 मध्ये धंद्यासाठी घेतलेल्या 6,000 पौंडांहून जड गाडीवर 1,00,000 डॉलरपर्यंत वजावट मिळत होती, विजेच्या गाडीला फार तर 4,000 डॉलरची करसवलत. (वजावट वेगळी, सवलत वेगळी, हे मला शिकवू नका. हमरसारखं अवजड धूड घेणाऱ्याला काय ते बरोबर कळलं होतं.)

आता मुख्य विधी. करार संपतील तशा गाड्या परत आणा. लोक गळा काढतील. 2003 च्या जुलैत हॉलीवूडच्या एका दफनभूमीत चालकांनी गाडीचा अंत्यविधीच केला. करू द्या. 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकला कंपनीच्या आवारात परत आणलेल्या 78 गाड्या उभ्या होत्या. बाहेर माणसं रात्रंदिवस पहारा देत होती आणि त्या गाड्यांसाठी 19 लाख डॉलर मोजायला तयार होती. नवशिके इथेच घसरतात. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं राहिलं की मन विरघळतं. तुम्ही खंबीर राहा. 'सुटे भाग मिळायचे नाहीत, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?' असं वडीलधाऱ्याच्या सुरात विचारा आणि केवळ काळजीपोटी गाड्यांचा चेंदामेंदा करा. फक्त वरून हेलिकॉप्टर फिरत नाही ना, ते बघा. अ‍ॅरिझोनातल्या चाचणी मैदानावरचे चेपलेल्या गाड्यांचे थर माहितीपटात स्वच्छ दिसतात, तेवढी एक चूक झाली.

चार-दोन गाड्या म्युझियमला द्या, पण जीव काढून. पेंढा भरलेला वाघ कोणाला चावत नाही.

माहितीपट शेवटी एकेका संशयिताचा निकाल लावतो. तेल कंपन्या, मोटार कंपन्या, सरकार, हवा मंडळ, हायड्रोजन, गिऱ्हाईकसुद्धा दोषी. निर्दोष सुटली एकटी बॅटरी. तेव्हा पत्रकारांनी गाडी का बंद केली असं विचारलं, तर चेहरा पाडून सांगा, 'बॅटरीच कमी पडली हो.'